मॅनेजरकाका

मॅनेजरकाकांना 'खातं' हा शब्द एकाच अर्थानं कळतो. माझी मुलगी एकदा जिन्यात मैत्रिणीला सांगत होती, की तिनं इन्स्टाग्रामवर दुसरं खातं उघडलंय. काका भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते. ते थांबले आणि म्हणाले, "एका माणसाला एकाच शाखेत दोन सेव्हिंग कशाला? एक बंद कर." हा विनोद नव्हता. काका विनोद करत नाहीत. १९७३ साली ते क्लार्क म्हणून बँकेत चिकटले तेव्हापासून त्यांनी विनोद केल्याची कुठं नोंद नाही.

२००१ च्या सुमारास सरकारी बँकांतली हजारो माणसं स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन घरी गेली. कुणी शेअरबाजारात गेलं, कुणी चारधामला गेलं. काका आमच्या सोसायटीत रुजू झाले.

असा एक काका डोंबिवलीत दर दोन इमारतींमागे सापडतो. पुण्यात, सांगलीत, नाशकातही असणार. दारावर पितळी पाटी, तिच्यावर नावाखाली 'निवृत्त शाखा व्यवस्थापक', आणि 'निवृत्त' हा शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा दोन नंबर बारीक. आत गेलं की टीपॉयवर पेपर, आणि पेपरशेजारी ओल्या स्पंजची गोल डबी. काका पेपरचं पान उलटताना आधी बोट स्पंजला लावतात. नोटा मोजायची सवय बोटांतून गेली नाही म्हणून बोटांना पेपर दिलाय. गणपतीचा प्रसाद वाटायला काका असले की तुमच्या हातावर दोन मोदक ठेवून म्हणतात, "मोजून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही." माणसं मोजतातही.

काकांच्या घरचे व्यवहार दहा ते दोन. पाण्याच्या टाकीची किल्ली, गच्चीची किल्ली, सोसायटीची पावती, सगळं दहा ते दोन. दोननंतर बेल वाजवली तर दार उघडतं, पण फक्त चौकशीसाठी. दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण बंद. बँकांना ही सुट्टी २०१५ च्या सप्टेंबरपासून लागू झाली, म्हणजे काका निवृत्त होऊन चौदा वर्षं झाल्यावर. तरीही काकांनी ती पूर्वलक्षी प्रभावानं घेतली. काकू म्हणतात, त्या दोन शनिवारी ते गच्चीची किल्ली मलासुद्धा देत नाहीत, वाळवण जिन्यात घालावं लागतं.

अशा माणसाचा आणि संगणकाचा संबंध काय, असं वाटेल. तर संबंध जुना आहे आणि प्रेमाचा नाही. ऐंशीच्या दशकात बँकांत यंत्रं येणार म्हटल्यावर संघटनांनी विरोध केला, तेव्हा दंडाला काळी फीत लावून गेटवर उभे राहणाऱ्यांत काका होते. १९८३ साली संघटनांचा आणि बँकांचा यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढं रंगराजन समितीचा अहवाल आला. मग शाखेत लेजर पोस्टिंगचं मशीन आलं, आणि मशीनवर बसणाऱ्याला वेगळा भत्ता आहे असं परिपत्रकात वाचल्यावर पहिला अर्ज काकांचा होता. "विरोध तत्त्वाचा होता, अर्ज नियमाचा होता," असं ते सांगतात. नंतर ते अधिकारी झाले आणि त्या मशीनचा सुपरवायझर पासवर्ड त्यांच्याकडे आला. तो त्यांनी काकूंनासुद्धा सांगितला नाही. काकूंनी विचारलाही नव्हता, पण सांगितला नाही ही गोष्ट काका अजून सांगतात.

आता लॅपटॉपकडे येतो.

मी जुना लॅपटॉप घेतला, साडेसतरा हजारांना, लॅमिंग्टन रोडवर. सध्या जुन्या लॅपटॉपांचा नुसता पूर आलाय. कंपन्या तीन-चार वर्षांनी गठ्ठ्यानं मशीनं काढून टाकतात हे एक. दुसरं म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, शिवाय प्रोसेसरही एका ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. त्यामुळं धडधाकट मशीनंसुद्धा वयोमर्यादेत बसत नाहीत म्हणून बाजारात येतात. माझं मशीन मर्यादेच्या अलीकडचं होतं. रंग गेलेला नव्हता, बॅटरी तीन तास टिकत होती, आणि 'ई'चं बटण सोडलं तर सगळी बटणं नवी वाटत होती. दुकानातल्या मुलानं 'यूजर' नावाचं बिनपासवर्डाचं खातं उघडून दाखवलं. पैसे दिले, घरी आलो.

घरी आल्यावर प्रिंटर बसवायला घेतला. पडदा काळवंडला आणि मधोमध एक चौकट आली. पुढं जायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. खाली एका गोलात बिनचेहऱ्याचं करडं डोकं, आणि डोक्याशेजारी नाव: सर.

नुसतं 'सर'. आडनाव नाही. लॅपटॉपचे आधीचे मालक कुणाचे तरी सर होते आणि आता ते माझे सर झाले होते. टायपिंगचं सॉफ्टवेअर घालायचं, सरांची परवानगी. घड्याळ दहा मिनिटं मागं होतं ते पुढं करायचं, सरांची परवानगी. नको असलेला एक खेळ काढून टाकायचा, त्यालाही सर. आठवड्याभरात घरात हीच भाषा सुरू झाली. मुलगी विचारायची, "बाबा, सरांनी प्रिंटरला हो म्हटलं का?" बायको चहा देताना म्हणायची, "काय म्हणतायत तुमचे सर?" माझी आई जरा कमी ऐकते. तिनं तर एका नातेवाइकाला फोनवर सांगितलं, की याला या वयात शिकवणी लावावी लागली, पण सर फार कडक आहेत.

बंगळूरला असणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "फॉरमॅट मार, मामा." या पिढीचं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. पण इथं तो बरोबर होता हे आधीच कबूल करून टाकतो. जुनं मशीन घेतलं की सगळं पुसून विंडोज नव्यानं घालणं हाच स्वच्छ मार्ग. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि एक मोकळी दुपार पुरते. विंडोजचं लायसन्स सहसा मदरबोर्डाला बांधलेलं असतं, सातबारा जमिनीला असतो तसं. मालक बदलला तरी ते मशीनबरोबर येतं. आणि आधीच्या माणसानं आत आणखी काय काय पेरून ठेवलंय ते आपल्याला कुठं माहीत असतं? हे सगळं भाच्यानं मला सांगितलं आणि मला पटलं. मी पेन ड्राइव्ह विकतही आणला. पण तो आणताना जिन्यात काका भेटले, आणि मी भोळेपणानं सांगून बसलो की जुन्या मालकाचं खातं जात नाही म्हणून फॉरमॅट मारतोय.

"फॉरमॅट म्हणजे काय होतं?"

"सगळं पुसलं जातं, काका."

काका एक पायरी खाली उतरून माझ्या बरोबरीला आले. "म्हणजे एका खातेदारानं त्रास दिला म्हणून शाखा पेटवून द्यायची? वा रे लेखक!" मग म्हणाले, "उद्या दहाला येतो. रजिस्टर आहे का तुझ्याकडे?"

रजिस्टर नव्हतं. ते स्वतःचं घेऊन आले, दहाला दोन मिनिटं कमी असताना, आणि ती दोन मिनिटं दाराबाहेर उभे राहिले.

लॅपटॉप समोर ठेवला तर त्यांनी झाकण उघडलंच नाही. आधी उलटा केला. खाली अर्धवट खरवडलेला एक स्टिकर होता. मी तीन आठवड्यांत तो पाहिला नव्हता. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो नाकाजवळ धरला. "एल-चौदा. डेड स्टॉक रजिस्टरचा नंबर आहे. म्हणजे असे किमान चौदा असणार. आणि हे खाली काय राहिलंय? 'सेस'. ऑफिसेस नाही, 'क्लासेस'. सर म्हणजे क्लासवाले." शेरलॉक होम्सला हे जमलं असतं, पण त्यानं ते रजिस्टरमध्ये लिहून खाली सही केली नसती.

मग चौकशी सुरू झाली. "शेवटचा व्यवहार कधीचा?"

"कळत नाही, काका. आत गेल्याशिवाय दिसणार नाही."

"दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नसेल तर खातं इनऑपरेटिव्ह. बंद नव्हे, नीट समजून घे, इनऑपरेटिव्ह. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी खातेदार आला तर त्याला परत द्यावी लागते."

"काका, यात रक्कम नाही."

"मग लवकर होईल."

मी त्यांना 'यूजर'मधून सरांचं खातं काढायला गेलो तर काय होतं ते दाखवलं. पुन्हा काळा पडदा, पुन्हा करडं डोकं. काकांनी समाधानानं मान डोलावली. पहिल्यांदाच त्यांना या यंत्राबद्दल आदर वाटलेला मला दिसला. "बरोबर आहे. शिपायानं मॅनेजरला रिलीव्ह करायचं म्हणजे काय! तुला अधिकारच नाही. अधिकार आहे त्याच्याकडे अर्ज करायला हवा."

अर्ज त्यांनी तिथंच लिहिला, तीन प्रतींत, मधे कार्बन घालून. कार्बन पेपर त्यांनी कुठून आणला हे मी विचारलं नाही; काही प्रश्न शेजारधर्मात बसत नाहीत. मायना असा होता: 'प्रति, माननीय प्रोप्रायटर. विषय: लॅपटॉप क्र. एल-१४ मधील "सर" या नावाचे प्रशासकीय खाते बंद करणेबाबत. संदर्भ: आपले खरेदीच्या दिवशीचे तोंडी आश्वासन, "कभी भी लाओ, कर देंगे".' पत्त्यात त्यांनी लॅमिंग्टन रोड लिहिलं नाही. ते नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि काका अधिकृतच लिहितात. परिणामी ग्रँट रोडला उतरल्यावर आम्ही तीन माणसांना भडकमकर मार्ग विचारला आणि तिघांनी नकारार्थी मान हलवली. त्यातला एक त्याच रस्त्यावर चार्जर विकत होता.

आता, फोन करून भागलं असतं ना? नव्हतं भागत. दुकानाचा फोन पैसे देईपर्यंत लागत होता. म्हणून डोंबिवलीहून फास्ट, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. काकांनी इस्त्रीचा फुल शर्ट घातला होता आणि खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. लॅपटॉप मी पोटाशी धरला होता. अर्ज त्यांच्याकडे, फाइलमध्ये.

दुकान म्हणजे सहा फुटांची फट. काउंटरवर एक विशीतला मुलगा एकाच वेळी दोन फोनवर बोलत होता. काकांनी अर्ज पुढं केला. त्यानं तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा, आणि मला विचारलं, "अंकल को क्या चाहिए?"

मी सांगितलं, सरांचा पासवर्ड.

"अरे, वो क्लास वाला लॉट? सबका सेम है. पास एक दोन तीन. पी कॅपिटल."

एवढंच. आठवडे घरात मुक्काम ठोकून बसलेले कडक सर पाच सेकंदांत हातात आले. मला हसू आलं. काकांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा तिजोरी उघडी राहिलेली पाहिल्यासारखा झाला होता.

"किती मशीनं होती या लॉटमध्ये?"

"बीस."

"आणि सगळ्यांना एकच?"

"हां अंकल. ईझी रहता है ना."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले'चा शिक्का मागितला. मुलानं ड्रॉवर उपसला. शिक्का एकच होता, 'पेड'चा. त्यानं तो मारला. काकांनी तो वाचला आणि लाल पेनानं शेजारी कंसात 'इनवर्ड म्हणून' असं लिहून सही केली.

परतीच्या गाडीत ते घाटकोपरपर्यंत गप्प होते. घाटकोपरला म्हणाले, "वीस तिजोऱ्यांना एक किल्ली." ठाण्यापर्यंत पुन्हा गप्प. ठाण्यानंतर मग त्यांनी मला कॅश सेफची पद्धत समजावली. तिजोरीला किल्ल्या दोन. एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. किल्ल्यांचा डुप्लिकेट जोड सीलबंद पाकिटात, आणि ते पाकीट स्वतःच्या शाखेत ठेवायचंच नाही, दुसऱ्या शाखेत ठेवायचं. "का? कारण चोर हुशार असतो म्हणून नाही. माणूस चांगला असतो म्हणून. चांगल्या माणसाला मोहात पाडायचं नसतं." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. ते माझ्यावरच उलटणार होतं हे ठाणे-डोंबिवलीच्या गर्दीत सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दहा वाजता, आम्ही सरांच्या खात्यात शिरलो.

आत शिरल्यावर दोघंही जरा बिचकलो. पडदाभर एक फोटो होता: एका लांबोडक्या खोलीत वीस-पंचवीस मुलंमुली, हातात प्रमाणपत्रं, आणि मधोमध खुर्चीवर गळ्यात हार घातलेले एक पन्नाशीचे गृहस्थ. हार जड असावा, कारण मान थोडी पुढं आली होती. हेच ते करडं डोकं. डाव्या बाजूला फायली. 'दहावी भूमिती सराव ३', 'पालक सभा', 'बॅच रविवार', आणि अगदी खाली, 'फी बाकी'.

माझं बोट आपोआप 'फी बाकी'कडे गेलं. काकांनी माझं मनगट धरलं.

"खातेदाराची गुप्तता."

"काका, नुसतं बघतो. लेखाला मिळेल काहीतरी."

"म्हणूनच नको." मग त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. "वीस मशीनं घेतली असतील कर्जावर. फी बाकी राहिली. एनपीए झाला असेल बिचारा." आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी लॅपटॉपचा पडदा पुसला. फोटोतल्या माणसाच्या जागीच पुसला.

सरांचा सगळा माल आम्ही न उघडता, फॉरमॅटसाठी आणलेल्या माझ्याच पेन ड्राइव्हवर उतरवला. पेन ड्राइव्ह पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेवर काकूंच्या पूजेच्या घंटेच्या बुडाचा ठसा. वर लिहिलं: 'एल-१४. अनक्लेम्ड.' ते पाकीट काकांच्या गोदरेजच्या कपाटात आहे. "दहा वर्षं थांबू," काका म्हणाले. काका पंच्याहत्तरीचे आहेत.

आता मुख्य कार्यक्रम. सरांच्या खात्यात बसून सरांनाच काढता येत नाही. ज्या फांदीवर बसलो ती विंडोज तोडू देत नाही. आधी दुसरं कुणीतरी ॲडमिनिस्ट्रेटर हवं. हे मी सांगायला लागलो तर काकांना आधीच माहीत होतं. संगणकामुळं नव्हे, सिरोंच्यामुळं. गडचिरोलीतल्या सिरोंच्याला ते शाखेवर होते. बदलीची ऑर्डर जूनमध्ये आली. पाऊस लागला, रस्ते बंद झाले, रिलीव्हर पोचलाच नाही. रिलीव्हर नाही तर चार्ज कुणाला द्यायचा, आणि चार्ज दिल्याशिवाय माणूस सुटत नाही. काका दसऱ्याला सुटले. "आधी चार्ज, मग रिलीव्ह," ते म्हणाले, "यानं नवीन काय केलंय?"

तेव्हा रीतसर चार्ज झाला. सरांच्या खात्यातून सेटिंग्ज, खाती, इतर वापरकर्ते. 'यूजर'चा प्रकार बदलून ॲडमिनिस्ट्रेटर. रजिस्टरमध्ये नोंद, लाल टिक. मग सरांना साइन आउट. नुसतं खातं बदलायचं नाही, पुरतं बाहेर पडायचं, नाहीतर ते मागच्या खोलीत जागेच राहतात. नोंद, टिक. मग 'यूजर'मधून आत जाऊन त्याच यादीत सर, आणि सरांखाली 'काढून टाका'. विंडोजनं शेवटचं विचारलं: खातं आणि त्याचा डेटा दोन्ही जाईल, डेस्कटॉप, डाउनलोड, कागदपत्रं, फोटो, सगळं. काकांनी तो मजकूर दोनदा वाचला. परिपत्रक असंच वाचायचं असतं. मग म्हणाले, "दाब."

दाबलं. यादीतून सर गेले. कसलाही आवाज झाला नाही.

मला वाटलं संपलं. काकांचं म्हणणं, बॅलन्सिंग राहिलंय. म्हणजे आता एकूण खाती किती शिल्लक, ते मोजा. यादीत एकच दिसत होतं, पण काकांचा दिसणाऱ्या यादीवर विश्वास नाही. भाच्यानं फोनवर सांगितलेली कमांड मी काळ्या खिडकीत टाइप केली, 'नेट यूजर'. एकाऐवजी पाच नावं आली: ॲडमिनिस्ट्रेटर, डिफॉल्टअकाउंट, गेस्ट, यूजर, आणि एक डब्ल्यूडीएजी-युटिलिटी-अकाउंट.

काका खुर्चीत सरळ झाले. "ही चार कोण? केवायसी कुठंय यांची?"

पुढचा पाऊण तास मी त्यांना समजावत होतो, की ही बेनामी खाती नाहीत, विंडोजचं स्वतःचं सामान आहे. त्यातला मूळ ॲडमिनिस्ट्रेटर प्रत्येक मशीनमध्ये जन्मतः असतो. पूर्वी एक्सपीच्या काळात तो जागा असायचा, बऱ्याचदा बिनपासवर्डाचा. व्हिस्टापासून तो झोपवूनच पाठवतात. त्याला बंद ठेवता येतं, पण काढून टाकता येत नाही. प्रत्येक खात्याला विंडोज आतून एक लांबलचक क्रमांक देतं, आणि या मूळ पुरुषाचा क्रमांक कुठल्याही मशीनवर पाचशेनंच संपतो, नाव बदललं तरी. काकांनी पाचशेचा आकडा रजिस्टरमध्ये लिहिला. "म्हणजे हेड ऑफिसचं खातं. मग ठीक आहे. शाखेनं हात लावायचा नाही." आणि मग स्वतःच विचारलं, "उद्या कुणी पुन्हा 'सर' नावानं खातं उघडलं तर?" मी म्हटलं, नाव तेच असलं तरी आतला क्रमांक नवा मिळेल, जुन्याचे हक्क त्याला मिळणार नाहीत. काका प्रथमच हसले. "बंद खात्याचा नंबर पुन्हा द्यायचा नाही. कुणीतरी बँकेतला माणूस बसलाय तिथं."

इथं थांबलो असतो तर मी सुखी झालो असतो.

पण काकांनी विचारलं, "आता अधिकार कुणाकडे?" मी म्हटलं, माझ्याकडे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच वीस तिजोऱ्यांना एक किल्ली केली होती. रोजच्या कामाचं खातं आणि अधिकाराचं खातं एक नसावं, असं ते म्हणाले. वाईट याचं वाटतं की हेही बरोबरच आहे. संगणकाची माणसंसुद्धा हेच सांगतात: रोज साध्या खात्यात बसावं, ॲडमिनिस्ट्रेटर वेगळा ठेवावा, म्हणजे एखादी भुरटी फाइल उघडली गेली तरी ती सगळ्या घराची मालकीण होत नाही. तेव्हा 'मॅनेजर' नावाचं नवं खातं उघडलं. मी 'यूजर'वरून पुन्हा साधा वापरकर्ता झालो. माझी पदावनती मीच टाइप केली.

पासवर्ड सोळा अक्षरांचा. पहिली आठ काकांनी, माझ्याकडे पाठ करून. नंतरची आठ माझ्या बायकोनं, दोघांकडे पाठ करून. "सूनबाई हेड कॅशियर," काका म्हणाले. "घरातली रोकड तशीही तिच्याकडेच असते." दोन्ही अर्ध्या सीलबंद पाकिटांत घालून डुप्लिकेट संच बी विंगच्या सेक्रेटरींकडे, म्हणजे दुसऱ्या शाखेत, जमा झाला. मी साक्षीदार म्हणून सही केली.

आता काही बसवायचं म्हटलं की पडदा काळवंडतो, चौकट येते, गोलात तेच करडं बिनचेहऱ्याचं डोकं असतं, फक्त शेजारी 'सर' नाही, 'मॅनेजर' आहे. मुलीचा प्रिंटर बसला. तिच्या अर्जावर तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. माझा टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा अर्ज इनवर्ड झालाय. काकांनी त्यावर शेरा मारलाय, 'प्रयोजन स्पष्ट करावे'. आई अजून नातेवाइकांना सांगते, की आधीचे सर बरे होते.

तेव्हा हा लेख हाताने लिहून पाठवतोय, अक्षर सांभाळून घ्यावं. काल बायको माहेरी गेली. सोमवारी येईल. तोवर निदान काकांची अर्धी किल्ली तरी मागून ठेवावी म्हणून सकाळी वर गेलो होतो. काकांनी दार उघडलं नाही. आज चौथा शनिवार आहे.